जांभळी नाक्यामागचे बॅगवाले काका आणि आमचे ९२ किलो

दुकानाला पाटी नाही, म्हणून आधी पत्ता सांगते. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून जांभळी नाक्याला या. बाजारपेठेतून खारकर आळीकडे निघणाऱ्या गल्लीत शिरलात की डाव्या हाताला पितळी भांड्यांचं दुकान लागतं. त्याला लागून जेमतेम सहा फूट रुंदीचा गाळा आहे. बाहेर दांडीला बॅगांचे पट्टे लटकवलेले आणि आत दोन शिलाई मशिनं. रिक्षावाल्याला विचारून उपयोग नाही, भांडीवाल्याला विचारा. "बॅगवाले काका" म्हटलं की तो हातानंच दाखवतो.

गेल्या दोन महिन्यांत मी तिथे अकरा वेळा गेले. त्यातल्या तीन फेऱ्या वाया गेल्या, त्याबद्दलही लिहिणार आहे. तरीसुद्धा परदेशी मुक्कामाला निघालेल्या आणि नाजूक, आडमाप सामान सोबत नेणाऱ्या प्रत्येकाला हे दुकान माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही दोघं ऑगस्टमध्ये केनियाला चाललो आहोत, तीन वर्षांसाठी, मिशनच्या कामाला. मी परिचारिका आहे, माझा नवरा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवायचा. किलिफी म्हणून समुद्रकाठचा एक भाग आहे, तिथल्या एका चर्चनं मुलांसाठी कारागिरीची शाळा आणि शेजारी छोटा दवाखाना चालवला आहे. तो शाळेत शिकवेल, मी दवाखान्यात बाळंतिणी आणि लहान मुलं बघेन, आणि रविवारी चर्चच्या मंडळीबरोबर उपासनेला उभे राहू. हा विचार आमच्या मनात सहा वर्षं होता. प्रार्थना करत होतो, थांबत होतो. या वर्षी दार उघडलं. तिकडच्या चर्चनं अर्ज करून धार्मिक आणि सेवाभावी कामाचा परवाना मिळवला, इकडे पोलिसांचा दाखला झाला, पिवळ्या तापाची लस टोचून झाली, आणि मग एका संध्याकाळी आम्ही तिकिटावरचा सामानाचा रकाना वाचला.

माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. दोघांचे मिळून ९२ किलो, वर हातातले सात-सात. वर्तकनगरच्या दोन खोल्यांमधला एकोणीस वर्षांचा संसार, त्याची औजारं, माझी पुस्तकं, आणि आमची बाजाची पेटी.

पेटीचं सांगायलाच हवं, कारण खरं तर तिच्यामुळेच हे सगळं लिहिते आहे. ती सासऱ्यांची. नगरच्या आमच्या मंडळीत ते चाळीस वर्षं भजनांना पेटी धरायचे. घडीची आहे, वापर संपला की खाली दाबून तिच्याच लाकडी डब्यात बसते. वजन अकरा किलो. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं भजन-कीर्तनात वाढलो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी लिहिलेली ख्रिस्ती भजनं अभंगाच्या वळणाची आहेत, ती गिटारवर म्हटली तर म्हणता येतात, पण मला ती पेटीवरच ऐकू येतात. नवऱ्यानं ठरवलं होतं की दुसरं काही राहिलं तरी चालेल, पेटी येणार.

आधी आम्ही सगळे करतात तेच केलं. मोठ्या मॉलमधल्या एका दुकानातून कडक कवचाच्या दोन मोठ्या बॅगा आणल्या. रिकामी बॅग घरच्या काट्यावर ठेवली तर पाच किलो शंभर ग्रॅम! २३ मधले पाच बॅगेनंच खाल्ले. शिवाय आतून इतकी गोलाई की पेटी कुठल्याच बाजूनं बसेना. परत करायला गेलो तर टॅग काढल्यामुळे घेत नाहीत म्हणाले. त्या दोन बॅगा शेवटी माझ्या दिरानं घेतल्या.

आमच्या पाळकसाहेबांनी काकांचं नाव सांगितलं. चर्चच्या तबल्याची खोळ तिथेच शिवली होती. काका वारकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ. ठाण्यातल्या आणि आजूबाजूच्या भजनी मंडळांच्या पखवाजाच्या, पेट्यांच्या खोळी शिवायचं काम त्यांच्याकडे पिढीजात आहे, बॅगांची दुरुस्ती नंतर सुरू झाली. हे मला पहिल्या भेटीत माहीत नव्हतं. मी फक्त चाक निखळलेली जुनी ट्रॉली घेऊन गेले होते.

चाकांची जोडी बदलताना त्यांनी विचारलं, "ताई, ही बॅग कुठं जाणार?"

मी सांगितलं.

"आणि त्यात काय जाणार?"

मला तो प्रश्न विचारणारा पहिलाच माणूस भेटला. मॉलमधल्या मुलानं फक्त रंग विचारला होता. मी आठवेल तसं सांगत गेले, काका पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर लिहीत गेले. मग म्हणाले, "चाकाची एकच न्या, हातातली. बाकीच्या कॅनव्हासच्या घ्या. चाकं, दांडा, पत्रा ह्याचं वजन न्यायचं म्हणजे तेवढ्या पुस्तकांचं इथंच राहायचं. तिथं उतरल्यावर किती चालायचंय?" मुंबई ते नैरोबी विमान, तिथून मोंबासापर्यंत रेल्वे, पुढे मोटार. चालणं थोडं, उचलणं जास्त. "मग कड्या मजबूत पाहिजेत," म्हणाले, "चाकं नाहीत."

काम असं झालं. जाड सुती कॅनव्हासच्या तीन बॅगा, ७५ बाय ४० बाय ४०. तिन्ही मापांची बेरीज १५५ सेंटिमीटर होते, विमान कंपनीची मर्यादा १५८ ची. हे गणित मी करून नेलं नव्हतं, त्यांनी भिंतीवर खडूनं लिहूनच ठेवलंय. बुडाला ताडपत्रीचा थर, कोपऱ्यांना रेक्झिन, उचलायचे पट्टे निवाडीचे. हे पट्टे नुसते वरून टाचलेले नाहीत, बॅगेच्या पोटाखालून पूर्ण वळसा घेऊन दुसऱ्या बाजूला वर येतात, म्हणजे सगळा भार शिवणीवर पडत नाही. जिथे पट्टा वर निघतो तिथे चौकोनात फुलीची शिलाई आणि वर रिव्हेट ठोकलेले. चेनला दोन-दोन रनर. एक खराब झाला तर दुसऱ्यानं भागतं. रिकाम्या बॅगेचं वजन एक किलो सहाशे. तीन बॅगांत मिळून साडेदहा किलो वाचले. साडेदहा किलो म्हणजे माझी सुईणपणाची दोन जाड पुस्तकं, प्रेशर कुकर, पोळीचा तवा, सासऱ्यांचं मोठ्या टायपातलं पवित्र शास्त्र, आणि तरीही काही उरतं.

तक्रार एकच. रंग दोनच मिळतात, खाकी आणि गडद निळा. मला खाकी मिळाला. विमानतळावर सरकत्या पट्ट्यावर सामान फिरत येईल तेव्हा ओळखू यावं म्हणून काकूंनी तिन्ही बॅगांना एका बाजूला लाल पायपिंग लावून दिलं.

आता पेटी. तिची बॅग करायची म्हटल्यावर काका म्हणाले, आणा. दुसऱ्या दिवशी आणली. त्यांनी टेप हातात घेण्याआधी नवऱ्याला सांगितलं, "सर, आधी वाजवून दाखवा." मला वाटलं हौस असेल. नंतर समजलं की ती त्यांची पद्धत आहे. आधी सगळे स्वर दोघांनी मिळून ऐकायचे, कुठला किंचित घोगरा आहे ते लिहून ठेवायचं, म्हणजे नंतर तो प्रवासात बिघडला की आधीपासून तसा होता यावर वाद नको. गाळ्यात बसायला जागा नाही, म्हणून पेटी कापायच्या टेबलावर ठेवली आणि नवरा उभ्यानंच वाजवायला लागला. त्यानं टिळकांचं एक भजन धरलं. काकू मशीन थांबवून ऐकत होत्या. काकांचं बोट टेबलावर ठेका धरू लागलं. शब्द त्यांना नवीन होते, चाल नव्हती. मधल्या सप्तकातला एक कोमल स्वर जरा उशिरा बोलतो, तो पुठ्ठ्यावर नोंदला गेला.

मग मापं. त्यांनी मला दाखवलं की पेटीला धोका लाकडाला नसतो, बाहेर निघालेल्या भागांना असतो. पुढच्या खुंट्या, भात्याची कडी आणि बोटांखालच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. भाता बंद राहायला हवा, नाहीतर हिसका बसला की घडीवर ताण येतो. म्हणून आधी भात्याला बांधायचा एक रुंद मऊ पट्टा, वेल्क्रोचा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवायची फलालीनची घडी, शिवलेली. सहा मिलिमीटरच्या प्लायची चौकट, आतून फोम, आणि समोरच्या फोममध्ये प्रत्येक खुंटीसाठी वेगळं भोक कापलेलं, म्हणजे दाब आला तरी खुंटीवर येत नाही, तिच्या भोवतीच्या लाकडावर येतो. खुंट्या नऊ आहेत. नऊही भोकं त्यांनी हातानं, पेटी समोर ठेवून कापली. वरून तेच कॅनव्हास, तसेच पोटाखालून गेलेले पट्टे. झाकणाच्या आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायला जाळीचा कप्पा. समुद्रकाठी पेटीचे पितळी सूर, म्हणजे आतल्या वाऱ्यानं वाजणाऱ्या पात्या, आणि भात्याचं चामडं दोन्ही ओलीनं खराब होतं, हे ठाण्यात राहणाऱ्या पेटीवाल्याला कुणी सांगावं लागत नाही.

पेटी धरून सगळं साडेपंधरा किलो भरलं. उरलेल्या साडेसात किलोंचं काय, तर चौकटीच्या बाहेर, कॅनव्हासच्या आत चारी बाजूंनी चार इंचांची मोकळी जागा त्यांनी मुद्दाम ठेवली होती. "इथं कपडे भरा. फोमपेक्षा लुगडं बरं." सासूबाईंनी त्यांच्या सहा सुती साड्या दिल्या. त्या साड्या मी तिकडे नेसणार आहे, आणि पेटी त्यांच्यात बसून जाणार आहे.

हे काम चालू असताना मी दोन दुपारी तिथेच स्टुलावर बसले होते. काकांनी विचारलं, "तिकडं आपलं कुणी आहे का हो?" मी त्यांना शरणपूरची गोष्ट सांगितली. माझी आजी नाशिकच्या शरणपूरची. तिथे चर्च मिशनरी सोसायटीची जी वसाहत होती, तिच्यात एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतली मुलं वाढली. गुलामांनी भरलेली गलबतं इंग्रजी आरमारानं अरबी समुद्रात पकडली की त्यातली लेकरं मुंबईत उतरवायचे, त्यांतली कित्येक नाशिकला यायची. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्यावर प्रार्थना म्हणणारा आणि झाडावर त्याचं नाव कोरणारा हाच, आणि पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीबरोबर गेला तोही हाच. नाशिकला शिकलेला मुलगा. मग १८७५ च्या सुमाराला मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी वस्ती वसली, फ्रिअरटाउन. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या नावाची. ती उभी करायला नाशिकहून ही माणसं परत आफ्रिकेला गेली. तिथे अजून घंटेचा मनोरा आहे, आणि त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, कारण स्वाहिलीत घंटेला केंगेले म्हणतात. किलिफी तिथून मोटारीनं दीड-दोन तासांवर.

आजीकडून मी हे लहानपणी तुकड्या-तुकड्यानं ऐकलं होतं. आमची बदली किलिफीला ठरली तेव्हा मी नकाशा उघडला आणि जवळच फ्रिअरटाउनचं नाव दिसल्यावर बराच वेळ तशीच बसले. नाशिकनं ज्यांना सुतारकाम शिकवलं त्यांच्या किनाऱ्यावर माझा नवरा वायरिंग शिकवायला जातोय. काका ऐकत होते, हातातली आरी थांबली होती. "म्हणजे औजारंबी जाणार," ते म्हणाले. मी अजून औजारांचं बोलले नव्हते.

औजारांची गुंडाळी त्यांनी दोन दिवसांत केली. कॅनव्हासची लांब पट्टी, तिला एकवीस खण. टेस्टर, पक्कड, कटर, पेचकसांचा संच, वायर सोलायचा चिमटा, छोटी हातोडी. गुंडाळून पट्ट्यानं बांधली की पोळपाटावरच्या लाटण्यापेक्षा थोडी जाड. ही मोठ्या बॅगेत जाते, हातातल्या सामानात औजारं चालत नाहीत. पक्कडीच्या टोकानं कापड फाटू नये म्हणून त्या खणांना आत रेक्झिनचा तुकडा आहे. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून केलं. (जाता जाता एक उपयोगी गोष्ट. केनियात भिंतीतली सॉकेटं तीन चौकोनी पिनांची असतात, व्होल्टेज आपल्यासारखंच. नवऱ्यानं इथल्या एका एक्स्टेंशन बोर्डाची फक्त पिन बदलून तिकडची लावली. आता मोबाइलसकट सगळ्या इथल्या पिना त्या एका बोर्डवर चालतील, पंधरा अडॅप्टर घ्यायची गरज नाही.)

पिशव्यांबद्दल माझी स्वतःची विनंती होती. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, बाहेरून येणाऱ्यालाही ती लागू आहे. आपण तर बूट प्लास्टिकच्या पिशवीत, मसाला प्लास्टिकच्या पिशवीत, ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत, अशी सवय घेऊन फिरतो. मी मांजरपाटाच्या नाडीच्या पंधरा पिशव्या शिवून घेतल्या, तीन मापांत. काकूंनी प्रत्येकीच्या तोंडाशी रंगीत धाग्याचा टाका घातला. लाल म्हणजे स्वयंपाकाचं, निळा म्हणजे कपडे, हिरवा म्हणजे दवाखान्याचं. अंधारात उतरलो तरी बॅग उपसावी लागणार नाही.

मसाल्यावरून काकूंनी मला वेळीच थांबवलं. मी गोडा मसाला कुटायला घेणार होते आणि वर सुकं खोबरं अर्धा किलो. सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून काढून ठेवायला लावतात. गल्लीतल्या कितीतरी लेकी-सुनांच्या बॅगा विमानतळावर अशा उघडल्या गेल्यात, काकूंना सगळ्या आठवतात. मी मसाला खोबरं न घालता केला. किलिफीला नारळ भरपूर, काजूही, अगदी कोकणासारखे. तिकडे गेल्यावर खोबरं भाजून घालीन.

आता वाया गेलेल्या फेऱ्या. काका वेळेचे पक्के नाहीत, हे स्पष्ट लिहायला हवं. मला आठ दिवस सांगितले आणि पंधरा दिवस लागले. कारण खरं होतं. मी गेले ते ज्येष्ठात, वारीच्या तोंडावर. दिंड्यांच्या पखवाजाच्या खोळी आणि विण्यांच्या पिशव्या ढिगानं आल्या होत्या, त्या आधी द्यायच्याच होत्या, आणि मला ते मान्यही आहे. पण मग आठ दिवस सांगू नयेत. मी दवाखान्यातली ड्युटी बदलून, वर्तकनगरहून बस पकडून, पावसात यायची आणि काका म्हणायचे, "परवा या." एकदा तर गाळाच बंद होता, मंगळवारी बंद असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. फोन लावला तर उचलत नाहीत, कारण मशीनचा आवाज. तिसऱ्या वेळी मी चिडले. मला त्याचं वाईट वाटतं, पण चिडले. आमच्याकडे दिवस मोजके होते. काका गप्प बसले, त्यांनी त्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत थांबून पेटीच्या झाकणाचं काम संपवलं. तुम्ही गेलात तर आषाढीच्या आधीचा महिना टाळा. नाहीतर काम टाकताना नक्की तारीख पुठ्ठ्यावर लिहायला लावा. लिहिलेली तारीख ते पाळतात, तोंडी नाही.

दुसरी उणीव. गाळ्यात खळीचा आणि सोल्यूशनचा वास फार असतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी बाहेरच उभं राहावं. पावती मिळत नाही, पुठ्ठ्याचा तुकडा मिळतो. गाडी लावायला जागा नाही, रविवारी तर बाजारात पाय ठेवायलाही नाही.

बॅगा कशा टिकतात हे विमानतळावर पहिल्यांदा कळावं अशी माझी इच्छा नव्हती. म्हणून जुलैमध्ये नगरला निरोप घ्यायला गेलो तेव्हा पेटी तिच्या बॅगेत आणि एक खाकी बॅग पूर्ण २३ किलो भरून एसटीनं नेली. माळशेज घाटात जो पाऊस लागला तो डिकीतही शिरला. नगरला उतरलो तेव्हा बॅगेखाली पाणी होतं. बुडाची ताडपत्री कोरडी ठेवून होती, एक थेंब आत नव्हता. वरून मात्र चेनच्या बाजूनं पाणी झिरपलं होतं आणि वरच्या दोन चादरी ओल्या झाल्या. पट्टे जागचे हलले नव्हते, एक टाका सुटला नव्हता. पेटीच्या बॅगेला वरून कुणाची तरी लोखंडी ट्रंक घासली होती, कॅनव्हासवर वीतभर काळा ओरखडा. आत पेटीवर काही नाही.

त्या संध्याकाळी नगरच्या मंडळीत आमच्यासाठी निरोपाची उपासना होती. नवऱ्यानं पेटी बाहेर काढली, पट्टा सोडला, फलालीन उचललं, आणि वडील जिथे बसायचे त्याच खांबाशी बसला. सगळे स्वर बोलले. तो मधला कोमल स्वर नेहमीसारखाच जरा उशिरा बोलला. म्हाताऱ्या बाया समोर बसल्या होत्या, त्यांच्यातल्या दोघींनी सासऱ्यांना या पेटीवर तरुणपणी ऐकलेलं होतं. मी परिचारिका आहे, मला पटकन रडू येत नाही. त्या दिवशी आलं.

परत आल्यावर चादरींचं काकांना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, कारणं दिली नाहीत. तिन्ही बॅगा परत घेतल्या आणि चेनवर ताडपत्रीच्या अस्तराची झडप शिवून दिली, चार बटणांची. ती शिवायला तीन दिवस सांगितले आणि तीनच दिवस लागले. पेटीच्या बॅगेचा ओरखडा त्यांनी बोटानं चोळून पाहिला आणि तसाच ठेवला. "कापड गेलं नाही," म्हणाले.

शेवटची गोष्ट गळ्यातली पिशवी. पासपोर्ट, परवान्याची प्रत आणि पिवळं कार्ड यांच्यासाठी. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लोक हलगर्जीपणे ठेवतात, म्हणून लिहिते. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ते लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. केनियाहून भारतात परत येताना ते दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आईला बघायला अचानक यावं लागलं तर सहा दिवस फार असतात. काकांनी दोन पिशव्या केल्या, अंगाला लागते ती बाजू सुती, बाहेरची रेक्झिनची, पट्टा सदऱ्याखाली दिसणार नाही इतका चपटा. माझी थोडी लांब झाली होती, लगेच आखूड करून दिली.

पैशांचं सांगते. कॅनव्हासच्या बॅगा प्रत्येकी १,६०० रुपये, झडपेचे वेगळे घेतले नाहीत. पेटीची बॅग ५,५००. औजारांची गुंडाळी ४५०. पिशव्या ३५ ला एक. गळ्यातल्या पिशव्या १५० ला एक. ट्रॉलीची चाकं आणि दोन रनर मिळून ४२०. सगळं मिळून ११,९९५. मॉलमधल्या त्या दोन बॅगांना आम्ही याहून जास्त मोजले होते. काका भाव कमी करत नाहीत, आणि मी करायला सांगितलंही नाही. नऊ खुंट्यांची नऊ भोकं मी कापताना पाहिली आहेत.

परवा शेवटचं वजन करायला बॅगा भरून रिक्षानं दुकानात नेल्या. त्यांच्याकडे छताच्या कडीला लटकवलेला काटा आहे, कापडाच्या गठ्ठ्यांचा. त्यावर एकेक बॅग टांगली. पहिली २३ ला टेकली तशी त्यांनी थांबवलं आणि अर्धा किलो काढायला लावला. चारही बॅगांतून अर्धा-अर्धा. "विमानतळावरचा काटा आपला नसतो. तिथं रांगेत बॅग उघडून बसायचं नाही." माझं स्वाहिलीचं जाड पुस्तक निघालं, एक चादर निघाली, नवऱ्याची एक पँट निघाली. शब्दांची वही मात्र ठेवली. तिच्यात मी आपल्यासारखे वाटणारे शब्द लिहिते आहे. दुका म्हणजे दुकान, एम्बे म्हणजे आंबा, गुनिया म्हणजे गोणी, लाकी म्हणजे लाख, बिमा म्हणजे विमा. काकूंनी दुका तेवढा पाठ केला.

सासूबाई आता दिराकडे कळव्याला राहतील. निघायच्या दिवशी सकाळी त्या मेतकूट दळून देणार आहेत, आधी दळलं तर वास जातो म्हणतात. दोनशे ग्रॅम. काकांना विचारलं, तेवढं चालेल का. त्यांनी काट्याकडे पाहिलं आणि पेटीच्या बॅगेत घालायला सांगितलं, डाव्या अंगाला, साड्यांच्या घडीत. तिथे मी मांजरपाटाची एक छोटी पिशवी, लाल टाक्याची, रिकामीच ठेवून आले आहे.